भिंतीच्या जागी डोळे

गुन्हेगाराविषयी आपल्या हिंदी चित्रपटाने खऱ्या आस्थेने विचार केला तो एकाच दशकात, १९५० नंतरच्या. त्याआधी, 'किस्मत'सारखा (१९४३) एखादा अपवाद वगळला, तर गुन्हेगार हा नायकाच्या वाटेतला केवळ एक अडथळा असे. पुढे १९७० नंतर तो सूडाचे देखणे हत्यार झाला. मधल्या आठदहा वर्षांत मात्र, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्याच घरातल्या वाईट माणसाचे काय करायचे हा प्रश्न पडला होता, आणि तो विधिमंडळापेक्षा अधिक मोकळेपणाने अंधाऱ्या चित्रगृहात विचारला जात होता.

जयपूरला येऊन मला आता तीस वर्षे होऊन गेली. येथे मराठी घरे थोडी. गणपतीला आणि कोजागरीला एकत्र येणारी, एरवी आपापल्या वसाहतींत विखुरलेली. गेल्या वर्षी आमच्यातील काही जुन्या मंडळींनी त्या दशकातले गुन्ह्याचे आणि तुरुंगाचे चित्रपट महिन्याला एक याप्रमाणे पाहावेत, अशी टूम काढली. निवडीचे काम माझ्याकडे आले. मी महाविद्यालयात साहित्य शिकवीत होतो, एवढेच त्याचे कारण असावे. या निमित्ताने ते चित्रपट मी पुन्हा एकामागून एक पाहिले, आणि पूर्वी सुटे सुटे पाहताना जी गोष्ट ध्यानात आली नव्हती ती आता डोळ्यांत भरली.

'आवारा' (१९५१) घ्या. न्यायाधीश रघुनाथाचा सिद्धांत असा, की चोराचा मुलगा चोरच निपजणार. आणि गोष्टीची योजना अशी, की त्याचा स्वतःचाच मुलगा त्याच्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेने या वादाचा निकाल रक्ताविरुद्ध आणि परिस्थितीच्या बाजूने लावला. त्या काळी ही केवढी धाडसाची गोष्ट होती! परंतु निकाल लागला, राजला तीन वर्षांची शिक्षा झाली, की चित्रपटाचे काम संपते. ती तीन वर्षे कशी जातील, बाहेर आलेल्या माणसाला कोण दारात उभे करील, हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. 'बाजी' (१९५१) आणि 'सीआयडी' (१९५६) यांत शहराच्या धुरकट रात्री आहेत, जुगाराचे अड्डे आहेत. 'काला पानी'तला (१९५८) बाप खुनाच्या आरोपाखाली पंधरा वर्षे तुरुंगात आहे, पण तो निर्दोष आहे. सारांश, त्या दशकातल्या बहुतेक चित्रपटांना कैदी हवा होता तो एक तर निरपराध, नाही तर परिस्थितीने फसलेला. ज्याच्या हातांना खरोखरीच रक्त लागले आहे आणि ज्याला पुढची चौदा वर्षे काढायची आहेत, त्याच्यापाशी थांबायला कोणी तयार नव्हते. 'हा असा कसा झाला?' हा त्यांचा प्रश्न होता. 'आता याचे पुढे काय?' हा नव्हे.

'बाजी'ची पटकथा बलराज साहनी यांची. त्यांच्याविषयीची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. 'हलचल' (१९५१) या चित्रपटात त्यांना जेलरची भूमिका मिळाली होती. त्याच सुमारास एका मोर्चात त्यांना अटक झाली आणि ते आर्थर रोडच्या तुरुंगात गेले. तेथून परवानगी घेऊन ते चित्रीकरणाला येत. दिवसा जेलरचा गणवेश आणि रात्री बराकीतला कांबळा! तुरुंग आतून पाहिलेला माणूस पडद्यावर तुरुंगाधिकारी होतो, यातला विनोद साहनींना कळला नसेल असे होणार नाही.

या सगळ्यांत 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) एकटा उभा राहतो. शांतारामबापूंच्या या चित्रपटातले सहा कैदी निरपराध नाहीत. त्यांनी खून केलेले आहेत आणि चित्रपट त्यांची वकिली करीत नाही. त्यांचे बालपण, त्यांच्यावरचा अन्याय, यांत तो फारसा शिरतच नाही. गुन्हा आणि शिक्षा हे दोन्ही मागे टाकून तो सुरू होतो. आदिनाथ नावाचा तरुण तुरुंगाधिकारी त्या सहा जणांना घेऊन एका ओसाड माळावर जातो आणि तेथे शेती करून दाखवतो. वरिष्ठाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर आहेत; नियम आणि माणूस यांच्यामध्ये अडकलेला प्रामाणिक अधिकारी त्यांनी असा उभा केला आहे, की आदिनाथापेक्षाही तो मला अधिक खरा वाटतो. माळावर भिंत नाही, कुलूप नाही. आहेत ते फक्त आदिनाथाचे दोन डोळे. पळून जाण्याचा विचार मनात येतो तेव्हा कैद्यांना ते डोळे दिसतात आणि पाय मागे वळतात. स्वस्त भाजी विकून बाजार बिघडवणाऱ्या या मंडळींवर व्यापारी उलटतो, त्याची माणसे शेतात बैल सोडतात, आणि त्यांना अडवताना आदिनाथ प्राण गमावतो. पण डोळे राहतात. ते आकाशात उमटतात.

बैलाशी झुंजीचे हे दृश्य चित्रित करताना शांतारामबापूंच्या स्वतःच्याच डोळ्यांना जबर इजा झाली होती, आणि दृष्टी राहते की जाते अशी शंका निर्माण झाली होती. त्या अंधारातल्या दिवसांतून पुढे 'नवरंग' (१९५९) आला. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली 'दो आँखें'ला रौप्य अस्वलाचा सन्मान लाभला. वसंत देसाई यांचे संगीत आणि भरत व्यास यांचे शब्द असलेली त्यातली प्रार्थना देशभरातल्या शाळांत पोहोचली. भरत व्यास राजस्थानचे, चुरूच्या वाळूतले. त्यामुळे आमच्या येथील प्रेक्षागृहात ती प्रार्थना सुरू झाली तेव्हा मराठी आणि मारवाडी अशा दोन्ही माना सारख्याच अभिमानाने हलल्या.

या कथेचा उगम मात्र आपल्या माणदेशात आहे. औंध हे बहात्तर गावांचे एक छोटे संस्थान. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांना महाराष्ट्र ओळखतो तो सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, चित्रकार आणि औंधच्या संग्रहालयाचे निर्माते म्हणून. परंतु १९३९ साली त्यांनी स्वतःचे अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली, ही गोष्ट त्या सर्वांहून मोठी. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, युवराज अप्पासाहेब पंत होते, आणि होते मॉरिस फ्रीडमन, म्हणजे पोलंडहून भारतात आलेले एक ज्यू अभियंते. (हेच फ्रीडमन पुढे मुंबईत खेतवाडीच्या माडीवर निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसले आणि त्यांची मराठी संभाषणे त्यांनी इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवली. एका आयुष्यात माणूस किती दारांतून मराठीत शिरू शकतो!) फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसले. कैद्यांची वसाहत आणि नाव स्वतंत्रपूर: या नावातच संस्थानाची सारी हिंमत आहे. कैद्यांनी तेथे भिंतींवाचून राहावे, शेती करावी, बायकामुलांना आणावे, अशी ती योजना होती. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. वसाहत मात्र टिकली आणि महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आली. 'दो आँखें'चे लेखक गदिमा हे त्याच मुलखातले, माडगूळचे. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी 'बनगरवाडी'त औंधच्या याच प्रजेचे चित्र काढले आहे. तेव्हा ज्या माळावर आदिनाथ कुदळ मारतो तो माळ मुंबईच्या चित्रशाळेत कल्पिलेला नव्हता; त्याची धूळ लेखकाच्या अंगावर होती.

आणि तरीही स्वतंत्रपुरातून पडद्यावर येताना एक महत्त्वाची गोष्ट वाटेत गळली. स्वतंत्रपुरात कुटुंबे होती. चित्रपटात कुटुंबाची जागा एका व्यक्तीने, त्या साधुपुरुषाने घेतली आहे. लेकरांसाठी अंगाई आहे, खेळणी विकणारी चंपा आहे, पण हे सगळे कडेकडेने येते. मध्यभागी एकच मूर्ती आणि तिची नजर. भिंत पाडली आणि तिच्या जागी डोळे बसवले. ही नजर प्रेमाची आहे हे खरे, परंतु नजर ती नजरच. जिच्यापुढे माणूस कधीच एकटा नसतो अशा नजरेखाली सुधारणे म्हणजे पुन्हा एका प्रकारे पहाऱ्यातच राहणे नव्हे काय? शांतारामबापूंचा हा चित्रपट मी थोर मानतो. पण तो पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाची समजूत अशी होते, की कैद्यावर विश्वास टाकायला आधी एखादा आदिनाथ जन्मावा लागतो. आणि आदिनाथ काही सरकारी नियमांनी भरती होत नाहीत.

चित्रपटसृष्टीने हा धागा पुढे फारसा धरला नाही. १९६३ साली बिमल रॉय यांचा 'बंदिनी' आला. त्याची मूळ कादंबरी 'जरासंध' या नावाने लिहिणाऱ्या चारुचंद्र चक्रवर्तींची. ते स्वतः बंगालच्या तुरुंग खात्यात अधिकारी होते, आणि म्हणूनच त्यातल्या कल्याणीचा मूक अपराध इतका वजनदार झाला आहे. मग काळ पालटला. 'शोले'पर्यंत (१९७५) येता येता तुरुंग हा हास्याचा विषय झाला होता. मिशीखाली हिटलरचा आव आणणारा आणि आपण इंग्रजी अमदानीतले आहोत याचा डंका पिटणारा तो जेलर ज्यांनी उभा केला, ते असरानी जयपूरचेच. येथेच जन्मले, येथेच शिकले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या शहराने आपला माणूस गेल्याचे दुःख केले. आदिनाथापासून या जेलरपर्यंतचे अंतर अवघे अठरा वर्षांचे. त्या अठरा वर्षांत आपण तुरुंगाविषयी आशा करणे सोडून दिले आणि हसायला शिकलो, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

परंतु चित्रपटाने टाकून दिलेला तो प्रश्न नेमका याच शहराच्या दक्षिणेला, सांगानेरात, कोणी तरी उचलून घेतला होता. ज्या वर्षी 'बंदिनी' आला त्याच वर्षी, १९६३ मध्ये, तेथे खुले बंदी शिबिर सुरू झाले. त्याला संपूर्णानंदांचे नाव आहे. स्वातंत्र्यलढ्यात स्वतः तुरुंग भोगलेले हे विद्वान गृहस्थ उत्तर प्रदेशात मंत्री असताना, १९५२ मध्ये, त्यांनी बनारसजवळ चंद्रप्रभा नदीच्या धरणावर कैद्यांना उघड्यावर कामाला ठेवण्याचा प्रयोग केला होता; पुढे राजस्थानचे राज्यपाल म्हणून आल्यावर तोच विचार येथे रुजला. मधल्या काळात, १९५५ साली, जिनिव्हाच्या संयुक्त राष्ट्र परिषदेनेही खुल्या कारागृहांची शिफारस केली होती. राजस्थानने १९७२ मध्ये या शिबिरांसाठी नियमच केले: माफीचे दिवस धरून शिक्षेचा एक तृतीयांश भाग ज्याने भिंतीआड काढला आहे आणि ज्याची वागणूक चांगली आहे, तो येथे येण्यास पात्र. देशात सर्वांत अधिक खुली कारागृहे आज याच राज्यात आहेत. बाहेरच्या लोकांना राजस्थान म्हटले की किल्ले आठवतात. भिंती नसलेल्या तुरुंगांतही हे राज्य सर्वांच्या पुढे आहे, हे ठाऊक नसते.

सांगानेर म्हणजे छापील कापडाचे आणि हातकागदाचे गाव. आता विमानतळाने आणि वसाहतींनी त्याला शहरात ओढून घेतले आहे. शिबिर पाहायला मी गेलो ते परवानगीचा कागद खिशात घेऊन, काहीशा शिस्तबद्ध गांभीर्याने. तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते, आणि तेच पाहण्यासारखे होते. बैठी घरे, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दारात उभ्या दुचाक्या, अंगणवाडीकडे निघालेली पोरे. चारशेच्या आसपास कैदी येथे कुटुंबांसह राहतात. बहुतेक खुनाच्या शिक्षा भोगणारे. सकाळी एक हजेरी, संध्याकाळी एक हजेरी. मधल्या वेळात ज्याने त्याने शहरात जावे, काम शोधावे, स्वतःचे आणि मुलांचे पोट भरावे. कोणी रिक्षा चालवतो, कोणी कारखान्यात जातो, कोणी दुकानावर बसतो. सरकार त्यांना जेवू घालीत नाही. शिबिरातले तंटे आणि दैनंदिन व्यवहार बघायला कैद्यांचीच पंचायत आहे. मी आदिनाथ शोधत होतो म्हणा ना. पण तेथे भेटला तो हजेरीच्या वहीवर वाकलेला एक कंटाळलेला कर्मचारी. त्याने नावे वाचली, माणसांनी हुंकार दिले, वही मिटली. त्याचे डोळे कोणाच्याही स्वप्नात येत असतील असे मला वाटले नाही.

माझ्या मते शांतारामबापूंच्या चित्रपटाला मिळालेले उत्तर हेच आहे. येथे माणसाला धरून ठेवते ती कोणाची दिव्य दृष्टी नव्हे. विजेचे बिल, मुलीची इयत्ता, मालकाने उद्या लवकर बोलावलेले काम, यांनी तो बांधला गेला आहे. पळून जायचे तर हे सगळे टाकून जावे लागेल. स्वतंत्रपुराच्या योजनेत जे कुटुंब होते आणि चित्रपटात जे कडेला गेले, ते येथे पुन्हा मध्यभागी येऊन बसले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरावर एक खोली चढवली तेव्हा ठेकेदाराने आणलेल्या गवंड्यांत शिबिरातला एक जण होता. ठेकेदाराने ते आधीच सांगितले आणि म्हणाला, "साहेब, हरकत असेल तर दुसरा आणतो." मी घरात विचारले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "त्याला चहात साखर किती लागते तेवढे विचारून या." तो माणूस पन्नाशीचा, अबोल, ओळंबा धरताना एक डोळा मिटून घेणारा. बायकोला 'भाभीजी' आणि मला 'गुरुजी' म्हणे. त्याने काय केले होते हे मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. ऊन उतरू लागले, की त्याची नजर वारंवार जिन्याकडे जाई. पाच वाजता थापी धुऊन तो निघे, गिलावा अर्धा राहिला असला तरी. "हजेरी है, गुरुजी." पहिल्या आठवड्यात शेजारच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन मुलाबाळांच्या घरात असा माणूस कशाला, असे विचारले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याच माणसाला आपल्या गच्चीची गळती दाखवायला नेले. यावरून शेजाऱ्यांचे मतपरिवर्तन झाले असे मी म्हणणार नाही. गळती फार होती, आणि तो गवंडी चांगला होता.

मात्र याच विषयाची दुसरी बाजू मला आमच्या चित्रपटांच्या मालिकेतच भेटली. माझ्या एक जुन्या सहकारी बाई, मूळच्या वऱ्हाडातल्या, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत असतात. 'दो आँखें'च्या दिवशी त्या आल्या नाहीत. नंतर भेटल्या तेव्हा मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळे त्या सहा जणांसाठी डोळे पुसता. त्यांनी ज्यांना मारलं त्यांची नावं त्या सिनेमात कोणी घेतं का?" त्यांच्या थोरल्या भावाला शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात कुऱ्हाडीने मारले होते. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. "तो आता कुठं असेल ते मला माहीत नाही. तुमच्या सांगानेरसारख्या जागी, आपल्या मुलांबरोबर, संध्याकाळी चहा पीत असेल. माझ्या वहिनीनं तो चहा कसा पाहावा?" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते: माणूस मोडून बाहेर सोडण्यापेक्षा जोडून सोडला तर पुढची कुऱ्हाड टळते, हे मला ठाऊक आहे. पण हे उत्तर समाजाला देता येते. त्या वहिनीला नाही.

आणि बाईंचे म्हणणे चित्रपटापुरते तर पूर्णपणे खरे आहे. 'दो आँखें'त मेलेली माणसे कोठेही नाहीत. ती उणीव एका वेगळ्या, बऱ्याच भडक चित्रपटाने ओळखली होती. दुलाल गुहा यांच्या 'दुश्मन'मध्ये (१९७१) एका शेतकऱ्याच्या मृत्यूला कारण झालेल्या ट्रकचालकाला न्यायाधीश तुरुंगाऐवजी त्या मृताच्याच घरी पाठवतात: त्यांचे पोट भर, त्यांच्या शिव्या खा. कलेच्या दृष्टीने दोन्ही चित्रपटांची तुलनाच नको; पण गुन्हेगाराला ज्यांच्यासमोर उभे करायला हवे ते लोक कोण, एवढे त्या दुसऱ्या चित्रपटाला कळले होते. मी पुढच्या महिन्यासाठी तो निवडला. बाई आल्या, शेवटपर्यंत बसल्या, आणि काहीही न बोलता घरी गेल्या.

सांगानेरची जागा आता मोलाची झाली आहे. १९६३ साली ती गावाबाहेरची होती. आज तिच्या भोवती इमारती उभ्या आहेत. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या खुल्या कारागृहांचे क्षेत्र कमी करू नये असे बजावले, आणि त्याच वर्षी या शिबिराच्या जमिनीचा मोठा तुकडा रुग्णालयासाठी देण्यात आला. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. रुग्णालय नको असे कोण म्हणेल? पण शहराला काही हवे झाले, की पहिले लक्ष जाते ते ज्या जागेभोवती भिंत नाही तिच्याकडेच. घाट दरवाज्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या उंच तटाआडची एक वीतही असा विचार मनात येऊन कोणी मोजायला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिबिरात मला सांगितलेली आणि वृत्तपत्रांतूनही येऊन गेलेली एक गोष्ट आहे. शिक्षा पुरी झाली, सुटकेचा कागद हाती आला, तरी काही जण येथून हलेनात. कामे जवळ होती, मुले येथल्या शाळेत होती, आणि बाहेर खोली भाड्याने द्यायला घरमालक राजी नव्हते. तेव्हा तुरुंग खात्याला, लोकांना आत ठेवणे हेच ज्याचे काम, नोटिसा काढून या मुक्त माणसांना बाहेर घालवावे लागले.